शेजारच्या आसनावर कोण होते? शिकाऊ अनुज्ञप्तीवर घडलेल्या एका अपघाताचे प्रकरण

या प्रकरणात मी वाहनमालकाच्या बाजूने वकील होतो. संबंधितांच्या संमतीने ते लिहीत आहे. गाव, नावे आणि ओळख पटेल असे बारकावे गाळले आहेत.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या गावी राहणारे हे कुटुंब. पती एका कारखान्यात पर्यवेक्षक, पत्नी शिक्षिका, वय एक्केचाळीस, आणि मुलगा दहावीत. गाडी पतीच्या नावावर, सात वर्षांपूर्वीची छोटी हॅचबॅक. विमा पॅकेज पॉलिसीचा, म्हणजे त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीबरोबर स्वतःच्या गाडीचे नुकसानही भरून देणारा.

बाईंनी ऑगस्ट २०२४ अखेरीस शिकाऊ अनुज्ञप्ती काढली. आपल्याकडे तिला कोणी कच्चे लायसन्स म्हणतो, कोणी लर्निंग. ती सहा महिने चालते आणि मिळाल्यापासून तीस दिवस झाल्याखेरीज पक्क्या लायसन्सची चाचणी देता येत नाही. त्यांनी मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये एकवीस दिवसांचा वर्ग पूर्ण केला होता. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार हलक्या वाहनासाठी किमान एवढेच दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान दहा तास ठरलेले आहेत. त्यानंतरच्या तीन रविवारी पतीला शेजारी बसवून त्या घरच्या गाडीवर हात साफ करत होत्या. चाचणीची तारीख मिळालेली होती आणि अपघात झाला तेव्हा ती अकरा दिवसांवर आली होती.

घटना

नोव्हेंबरमधील एका मंगळवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास मुलाच्या शिकवणीची रिक्षा आली नाही. पती प्रशिक्षणासाठी परगावी गेलेले होते. शिकवणीचे ठिकाण जेमतेम दोन किलोमीटरवर होते, त्यात सराव परीक्षेचा दिवस. बाईंनी दाराजवळच्या खुंटीवरची चावी घेतली आणि मुलाला शेजारी बसवून गाडी बाहेर काढली.

कॉलनीचा रस्ता जिथे मुख्य रस्त्याला मिळतो तिथे डावीकडे वळताना उजवीकडून दुधाचे कॅन लावलेली स्कूटर आली. बाईंनी ब्रेक दाबला, निदान तसा त्यांचा समज होता. प्रत्यक्षात पाय ॲक्सिलरेटरवर पडला. गाडीने स्कूटरला धडक दिली आणि पुढच्या विजेच्या खांबाला बंपर घासून ती थांबली. स्कूटरस्वार बावन्न वर्षांचे दूध व्यावसायिक होते. त्यांच्या उजव्या पायाचे नडगीचे हाड मोडले.

या तपशिलाकडे माझे लक्ष नंतर गेले. वर्गाच्या एकवीस दिवसांत जोरात ब्रेक लावण्याची वेळ किती वेळा आली, असे मी त्यांना विचारले. बराच विचार करून त्या म्हणाल्या, "आली होती दोन-तीनदा. पण सरांनीच दाबला." प्रशिक्षणाच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही ब्रेक असतो, कारण नियमांनी दुहेरी नियंत्रण सक्तीचे केले आहे. म्हणजे ज्या क्षणी घाबरून पाय योग्य जागी पडावा लागतो, तो क्षण त्यांच्या वाट्याला शिकताना आलाच नव्हता. घरच्या गाडीत दुसरा ब्रेक नव्हता आणि शेजारी पंधरा वर्षांचा मुलगा दप्तर मांडीवर घेऊन बसला होता.

पहिला तास

मुलाने १०८ क्रमांकाला फोन केला. बाई जखमीजवळ बसून राहिल्या आणि रुग्णवाहिकेतून त्यांच्यासोबतच रुग्णालयात गेल्या. अपघातानंतर जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना कळवणे ही चालकाची कायदेशीर जबाबदारीच आहे. तरी अशा वेळी माणसे कशी पळून जातात हे मी इतक्या प्रकरणांत पाहिले आहे की, या गोष्टीची नोंद स्वतंत्रपणे करावीशी वाटते.

पंधरा मिनिटांत त्यांचे धाकटे दीर दुचाकीवरून रुग्णालयात पोहोचले. त्यांच्याकडे दहा वर्षांपासून पक्के लायसन्स होते. त्यांनी कुणाही जिव्हाळ्याच्या माणसाला सुचावे तेच सुचवले. "वहिनी, तुम्ही काही बोलू नका. गाडी मी चालवत होतो असं सांगू. लायसन्सचा प्रश्नच मिटतो."

बाईंनी मला फोन केला तो याच वेळी. माझ्यासमोर तीन वाटा होत्या. पहिली दिरांची. दुसरी, तूर्त काहीच न सांगता पतीची वाट पाहण्याची. तिसरी, जे घडले ते तसेच्या तसे जबाबात लिहून देण्याची. मी तिसरी सांगितली आणि त्यामागचे कारण व्यवहाराचे होते. चालकाचे नाव बदलले की लायसन्सचा मुद्दा मिटत नाही, त्यावर खोट्या माहितीचा आणि खऱ्या आरोपीला वाचवल्याचा दुसरा मुद्दा चढतो आणि त्यात दीरही सापडतात. विमा दाव्यात तीच खोटी माहिती गेली तर कंपनीच्या हाती फसवणुकीचा आयता बचाव येतो. शिवाय जखमी माणूस शुद्धीवर होता आणि गाडी कोण चालवत होते हे त्याने समोरून पाहिले होते.

पुढे पंचनाम्यात कोपऱ्यावरच्या औषध दुकानाच्या सीसीटीव्हीचे चित्रण आले. उजव्या दारातून बाई उतरताना त्यात स्पष्ट दिसतात. आम्हाला त्या सकाळी कॅमेऱ्याची कल्पना नव्हती, त्यामुळे त्याचे श्रेय मी घेत नाही.

माझी एक चूक मात्र याच फोनमधली आहे. बाईंनी विचारले, "इन्शुरन्स मिळेल ना?" मी म्हणालो, "लर्निंग चालू आहे ना? मग मिळतो." हे अर्धेच खरे होते. पॉलिसीचा कागद मी तिसऱ्या दिवशी वाचला.

कायद्याची चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ३ प्रमाणे अनुज्ञप्तीशिवाय सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवता येत नाही. शिकणाऱ्याला यातून सूट आहे, पण ती केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम ३ मधल्या तीन अटींवर. शिकाऊ अनुज्ञप्ती चालू असली पाहिजे. त्या प्रकारच्या वाहनाची पक्की अनुज्ञप्ती असलेला शिकवणारा सोबत आणि वाहन ताब्यात घेता किंवा थांबवता येईल अशा जागी बसलेला असला पाहिजे. आणि गाडीच्या पुढे व मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल ‘एल’ अक्षर असले पाहिजे. पाटीचा चौरस किमान अठरा सेंटिमीटरचा आणि अक्षर किमान दहा सेंटिमीटर उंच, इतका तपशील नियमात आहे.

बाईंची पहिली अट पूर्ण होती. दुसरी नव्हती, आणि इथे कुटुंबाचा एक गैरसमज दूर करावा लागला. "ती एकटी नव्हती, मुलगा होता ना सोबत," असे सासूबाई वारंवार सांगत. कायद्याच्या लेखी ती सोबत नव्हे. गाडीत चार माणसे असली तरी त्यांतल्या एकालाही चालवण्याचा परवाना नसेल तर शिकाऊ चालक एकटाच असतो. तिसरी अट अर्धी पूर्ण होती: मागच्या काचेवर बाजारात मिळते ते छोटे स्टिकर होते. विमा कंपनीने नुकसान तपासायला पाठवलेल्या सर्वेअरने त्यावर टेप धरून फोटो काढला तेव्हा ते बारा सेंटिमीटर भरले. पुढच्या बाजूची चुंबकाची पाटी डॅशबोर्डच्या खणात होती.

अटी मोडल्या की सूट जाते आणि माणूस अनुज्ञप्तीशिवाय चालवणाऱ्यांच्या रांगेत येतो. कलम १८१ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ज्याने गाडी अशी चालवू दिली त्या मालकालाही कलम ५ आणि १८० खाली तितकीच शिक्षा आहे. २०१९ च्या दुरुस्तीआधी चालकाचा दंड पाचशे आणि मालकाचा एक हजार होता, त्यामुळे जुन्या आठवणीवर चालणाऱ्यांना हा आकडा धक्का देतो. जखमी झाल्यामुळे भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ आणि १२५ खाली निष्काळजीपणाचा गुन्हाही नोंदला गेला. गाडी जप्त झाली, परिवहन विभागाच्या निरीक्षकाने ती तपासली, आणि नवव्या दिवशी न्यायालयातून सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करू अशा हमीवर, सुटली.

पतीच्या जबाबाचा प्रश्न

मला सगळ्यात अवघड गेलेला निर्णय हा होता. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ५ जानेवारी २००४ रोजी नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्ण सिंग या प्रकरणात घालून दिलेल्या तत्त्वानुसार, अनुज्ञप्तीच्या अटीचा भंग झाला एवढे सांगून जखमीला भरपाई देण्यातून विमा कंपनीची सुटका होत नाही. तो भंग विमाधारकाने स्वतः जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे होऊ दिला, हे कंपनीला सिद्ध करावे लागते. याचा सरळ अर्थ असा की "मला न विचारता चावी नेली" असे पतीने म्हटले असते तर त्यांची बाजू बळकट झाली असती, आणि कलम १८० चा प्रश्नही बहुधा उरला नसता.

पण आदल्या रात्री दोघांचे फोनवर बोलणे झाले होते. "सवय मोडू देऊ नकोस, कॉलनीच्या आत फिरवत जा रोज," असे पतीच म्हणाले होते. त्यांना वाटत होते की परवानगी कॉलनीपुरती असल्याने ते सुरक्षित आहेत. कॉलनीचा रस्ता लोकांच्या येण्याजाण्यासाठी खुला असेल तर तोही अधिनियमाच्या व्याख्येत सार्वजनिक ठिकाणच ठरतो, हे मी त्यांना दाखवले. कॉलनीच्या आत एकटीने फिरवण्याची परवानगी हीदेखील नियम ३ मोडण्याचीच परवानगी होती.

ते दोन दिवस काही बोलले नाहीत. पत्नीवर "न विचारता नेली" असा ठपका ठेवून स्वतः सुटायचे, हे त्यांना पटत नव्हते, आणि खरे बोलले तर जखमीला दिलेली भरपाई कंपनी आपल्याकडून वसूल करेल ही भीतीही खरी होती. शेवटी त्यांनी कॉलनीपुरत्या परवानगीची गोष्ट जशी होती तशी लिहून दिली. या जबाबाने कंपनीला एक मुद्दा मिळाला हे मी नाकारत नाही.

स्वतःच्या गाडीचा दावा

गाडीचा दुरुस्ती खर्च अडुसष्ट हजार रुपये निघाला. दावा पाचव्या आठवड्यात नामंजूर झाला आणि कंपनीच्या पत्रात पॉलिसीतल्या चालकाविषयीच्या कलमाचाच आधार होता. ते कलम जवळपास सगळ्या खाजगी गाड्यांच्या पॉलिसीत सारखेच असते. चालू शिकाऊ अनुज्ञप्ती असलेली व्यक्ती गाडी चालवू शकते, मात्र तिने नियम ३ च्या अटी पाळल्या पाहिजेत, असे त्यात स्पष्ट म्हटलेले असते. पॉलिसी शिकाऊ चालकाला वगळत नाही, एकट्या शिकाऊ चालकाला वगळते. मी फोनवर दिलेले उत्तर नेमके इथे चुकले होते.

कुटुंबाला वाटले की स्वर्ण सिंग निकाल इथेही उपयोगी पडेल. तो पडत नाही. त्रयस्थ जखमीच्या संरक्षणासाठी कायद्याने जी कवाडे उघडी ठेवली आहेत, ती मालकाच्या स्वतःच्या नुकसानीसाठी नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये लक्ष्मी नारायण धूत प्रकरणात सांगितले आहे. स्वतःच्या नुकसानीचा प्रश्न हा मालक आणि कंपनी यांच्यातल्या कराराचा आहे आणि करार इथे मोडला होता.

विमा लोकपाल किंवा ग्राहक आयोग या वाटा खुल्या होत्या. आम्ही कंपनीला एकदाच पत्र लिहून काही अंशी रक्कम तडजोडीने देण्याची विनंती केली. ती फेटाळली गेल्यावर पुढे जाऊ नये, असा सल्ला मी दिला. कलमाची भाषा स्पष्ट होती, अटीचा भंग आमच्याच जबाबात मान्य होता, आणि त्याच काळात जखमीचा मोठा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे उभा होता. पती या सल्ल्यावर नाराज होते. गॅरेजचे बिल त्यांनी तीन हप्त्यांत भरले.

जखमीचा दावा

जखमीच्या पायात सळई घालावी लागली. रुग्णालयाचे बिल एक लाख सत्याऐंशी हजार झाले, साडेचार महिने व्यवसाय दुसऱ्याच्या हाती राहिला आणि प्रमाणपत्रानुसार बारा टक्के कायमचे अपंगत्व आले. त्यांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे साडेसहा लाखांचा दावा दाखल केला. २०२२ पासून असा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. तो वेळेत आला.

कुटुंबाने पहिल्या आठवड्यातच रुग्णालयात साठ हजार रुपये दिले होते. त्यातले वीस हजार दिरांनी घाईत रोख, पावतीशिवाय जखमीच्या भावाच्या हातात ठेवले. उरलेले चाळीस हजार माझ्या सांगण्यावरून रुग्णालयाच्या खात्यात भरून पावती घेतली. तडजोडीच्या वेळी फक्त चाळीस हजारच हिशेबात धरले गेले. भावाला रोख पैसे मिळाल्याची आठवण होती, पण किती ते नक्की आठवत नव्हते. मला त्याच्यावर अविश्वास दाखवावासा वाटला नाही.

कंपनीने नियम ३ च्या भंगावर बोट ठेवून जबाबदारी नाकारली. स्वर्ण सिंग निकालात शिकाऊ अनुज्ञप्तीबद्दल स्वतंत्र निष्कर्ष आहे: अशा अनुज्ञप्तीधारकाने गाडी चालवली असली तरी त्रयस्थाची भरपाई कंपनीला द्यावी लागते. त्यामुळे जखमीला पैसे मिळतील याची मला चिंता नव्हती. खरा प्रश्न पुढचा होता. कंपनीने आधी द्यावे आणि मग मालकाकडून वसूल करावे असा आदेश न्यायाधिकरण देऊ शकत होते, आणि पतीच्या जबाबानंतर तशी शक्यता बरीच होती. निकाल विरुद्ध गेला असता तर पूर्ण रक्कम व्याजासह त्यांच्या पगारातून किंवा घरातून जाणार होती.

दोन पर्याय होते. एक, पुरावा होऊ देऊन, सोबत शिक्षक नसणे हे अपघाताचे कारण नव्हते असा युक्तिवाद करणे. बाईंनी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबल्याचे स्वतः सांगितल्यावर तो मांडताना माझीच जीभ अडखळली असती. शेजारी जाणता माणूस असता तर त्याचा हात हँडब्रेकवर गेला असता. दुसरा पर्याय, लोक अदालतीत तिघांची तडजोड. पतीचा ओढा लढण्याकडे होता, बाईंचा तडजोडीकडे.

निष्पत्ती

अपघातानंतर सुमारे चौदा महिन्यांनी लोक अदालतीत प्रकरण मिटले. एकूण रक्कम चार लाख तीस हजार ठरली. त्यातले तीन लाख चाळीस हजार कंपनीने दिले आणि नव्वद हजार मालकाने. त्यात आधी भरलेले चाळीस हजार धरले गेले. बदल्यात कंपनीने वसुलीचा हक्क सोडला. लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील होत नसल्याने हे दार कायमचे बंद झाले. वसुलीचा मुद्दा सोडायला कंपनी तयार का झाली, हे मला नक्की सांगता येणार नाही. तिच्या वकिलांनी बोलता बोलता एवढे म्हटले की खोटा चालक उभा केलेली प्रकरणे त्यांच्याकडे रोज असतात, आणि इथे निदान कागद आणि माणसे एकच गोष्ट सांगत होती.

फौजदारी प्रकरण हे लिहीत असताना चालू आहे. कुटुंबाच्या खिशातून आतापर्यंत गेलेले पैसे, गॅरेज, मालकाचा वाटा आणि ते बिनपावतीचे वीस हजार मिळून, एक लाख अठ्ठ्याहत्तर हजार होतात. त्यात माझी फी धरलेली नाही.

वेगळे काय करता आले असते

अपघाताची खबर विमा कंपनीला चौथ्या दिवशी दिली गेली. ती पहिल्याच दिवशी द्यायला हवी होती. दावा त्या कारणाने नाकारला गेला नाही, पण गाडी खांबापासून हटवण्याआधीचे फोटो कोणीच काढले नाहीत आणि स्कूटर किती वेगात होती यावर आम्हाला काहीच म्हणता आले नाही. जखमीच्या वेगाचा थोडासा वाटा होता असे मला आजही वाटते.

गाडी पतीच्या नावावर असल्याने एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती. पॉलिसीतला पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा फक्त नोंदणीकृत मालकासाठी असतो, तोही त्याच्याकडे वैध अनुज्ञप्ती असेल तरच. खांब चार फूट अलीकडे असता आणि बाईंना काही झाले असते, तर या विम्यातून घरच्यांना एक रुपयाही मिळाला नसता. शिकणारी व्यक्ती आणि मालक वेगळे असतील तर शिकणाऱ्याचा वेगळा अपघात विमा घेता येतो, हे मी आता पहिल्याच भेटीत सांगतो.

माझ्याबद्दल सांगायचे तर, पॉलिसी हातात नसताना मी फोनवर "मिळतो" म्हणालो. त्यामुळे पतीने गॅरेजला महागडे मूळ सुटे भाग बसवायला सांगितले. बिल येईपर्यंत त्यांचा समज कायम होता आणि त्या नाराजीतला निम्मा वाटा माझा आहे.

बाईंनी चाचणीची पहिली तारीख जाऊ दिली आणि शिकाऊ अनुज्ञप्तीची मुदतही संपू दिली. पुढच्या वर्षी जूनमध्ये नवी काढली. या वेळी दर रविवारी बाजार समितीच्या मोकळ्या पटांगणात दीर त्यांच्या शेजारी बसत, हात हँडब्रेकवर ठेवून. गाडी तिसऱ्या गियरमध्ये आली की दीर अचानक "थांबा" म्हणत, आणि ब्रेक बाईंनी लावायचा. पहिल्या दिवशी सतरा वेळा करून घेतले, असे त्यांनी मला मोजून सांगितले. ऑगस्टमध्ये त्या चाचणी उत्तीर्ण झाल्या.